चिठ्ठीवर चाललेलं राज्य

इ.स.पूर्व चौथ्या शतकात अथेन्समध्ये राहून निरनिराळ्या राज्यव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात एक गोष्ट सर्वमान्य असल्यासारखी नोंदवून ठेवली आहे. अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमणं ही लोकशाहीची रीत आणि मतं घेऊन निवडणं ही मूठभरांच्या राज्याची रीत. आज वाचताना वाक्य उलटं छापलं गेलंय की काय, अशी शंका येते. पण त्या काळच्या ग्रीकांना त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. निवडणुकीत कोण पुढे येतो? ज्याचं घराणं मोठं, ज्याच्या गाठीला पैसा, ज्याच्या जिभेवर भाषण आणि ज्याचं नाव आधीपासूनच चारचौघांच्या तोंडी आहे तो. चिठ्ठीला यातलं काहीच कळत नाही. तिच्यापुढे कुंभार आणि जमीनदार सारखेच.

आपल्याकडेही सरपंचपदाच्या आरक्षणाची किंवा घरांची सोडत निघते. सर्वांचा हक्क सारखा आणि जागा मात्र थोड्या, अशा वेळी सोडतीइतका तंटा टाळणारा उपाय दुसरा नाही, हे आपल्यालाही पटतं. अथेन्सने मात्र सगळा राज्यकारभारच सोडतीवर चालवला आणि मधले काही महिने सोडले तर दीडशेहून अधिक वर्षं चालवून दाखवला. अथेन्सच्या लोकशाहीचं नाव निघालं की पेरिक्लिसची भाषणं आणि पार्थेनॉनचे खांब डोळ्यांपुढे येतात. मला तिचं खरं कर्तृत्व या सोडतीत आणि सोडतीने नेमलेल्या माणसावर बसवलेल्या पहाऱ्यात दिसतं. सत्ता कुणाच्याही घरची होऊ नये, एवढ्या एका हेतूने इतकी बारकाईने रचलेली व्यवस्था प्राचीन जगात मला दुसरी ठाऊक नाही.

ती एका रात्रीत उभी राहिली नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅटिका प्रांतातला गरीब शेतकरी कर्जात बुडालेला होता. कर्जाला तारण म्हणून तो स्वतःचा देहच लिहून देत असे. कर्ज फिटलं नाही की सावकार त्याला गुलाम म्हणून विकायला मोकळा. इ.स.पूर्व ५९४ मध्ये सोलोनच्या हाती सर्वाधिकार आले. त्याने ही कर्जं रद्द केली आणि माणूस तारण ठेवण्यावर कायमची बंदी घातली. नागरिकांचे त्याने चार वर्ग पाडले, तेही जन्मावरून नव्हे तर शेतीच्या उत्पन्नावरून. मोठी पदं वरच्या वर्गांकडेच राहिली, पण कुळाची मक्तेदारी तिथे पहिल्यांदा सैल झाली. पुढे पिसिस्ट्रेटस आणि त्याच्या मुलांची हुकूमशाही आली आणि ५१० मध्ये गेली. मग दोन बड्या घराण्यांत सत्तेसाठी झुंज लागली. आयसागोरसने स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस याला सैन्यासह बोलावून घेतलं आणि प्रतिस्पर्धी क्लायस्थेनिसला हाकलून लावलं. तेव्हा शहरातली माणसं उठली. त्यांनी राजाला अक्रोपोलिसच्या टेकडीवर कोंडलं. दोन दिवस वेढा चालला, तिसऱ्या दिवशी स्पार्टाचे सैनिक तह करून निघून गेले आणि क्लायस्थेनिसला परत बोलावण्यात आलं.

त्याने केलेली फेररचना हा राजकीय कल्पकतेचा कळस आहे. अ‍ॅटिकातल्या वस्त्यांची आणि खेड्यांची त्याने नोंद केली. त्यांचा आकडा १३९ भरतो. प्रत्येक नागरिक आपल्या वस्तीच्या, म्हणजे ‘डेम’च्या, पटावर आला. मग या सगळ्या वस्त्या दहा गणांत वाटल्या. प्रत्येक गणात शहराचा एक तुकडा, किनाऱ्याचा एक आणि आतल्या शेतीच्या मुलखाचा एक. बंदरावरचा नावाडी, डोंगराकडचा कोळसेवाला आणि शहरातला चांभार एका गणात आले. लढाईला एकत्र, सभेच्या कामाला एकत्र, सणाच्या गायनस्पर्धेला एकत्र. एखाद्या बड्या घराण्याचा ज्या मुलखावर दाब होता, तो मुलूखच असा वेगवेगळ्या गणांत वाटला गेला.

दर गणातून ५० याप्रमाणे ५०० जणांचं मंडळ बनत असे. त्याला बुले म्हणत. वयाची तिशी ओलांडलेला नागरिक त्यात बसू शके. प्रत्येक वस्तीचा वाटा तिच्या आकाराप्रमाणे ठरलेला होता. अखार्नाय या मोठ्या वस्तीतून २२ जण येत, तर लहानशा वस्तीतून एखादाच. नेमणूक चिठ्ठीने, मुदत एका वर्षाची आणि अख्ख्या आयुष्यात दोनदाच. वर्षाचे दहा भाग पाडलेले असत आणि एकेका भागात एकेका गणाचे ५० सभासद रोजचा कारभार पाहत. अगोरा या मुख्य चौकातल्या एका गोल इमारतीत सरकारी खर्चाने त्यांचं जेवण होई आणि त्यांतले काही जण रात्रीही तिथेच मुक्कामाला असत.

या पन्नासांतून रोज एकाची चिठ्ठी निघे. तो एका दिवसाचा आणि एका रात्रीचा प्रमुख. खजिन्याच्या आणि दप्तराच्या किल्ल्या त्याच्याकडे, राज्याची मोहोर त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुसरा. एकदा हा मान मिळालेल्याला तो पुन्हा मिळत नसे. म्हणजे एका वर्षात साडेतीनशेच्या आसपास वेगवेगळी माणसं राज्याची मोहोर हाताळून आपापल्या शेतावर किंवा दुकानावर परत जात. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार होते असं धरलं, तर आपल्या गल्लीत राहणाऱ्या कुणीतरी हे काम केलेलं आहे, हे जवळपास प्रत्येकाला माहीत असणार. राज्य म्हणजे दूरवरची, न कळणारी गोष्ट ही भावना तिथे रुजायला जागाच नव्हती. याचं मला फार अप्रूप वाटतं.

बुलेने विषय तयार करायचे आणि निर्णय सभेने, म्हणजे एक्लेसियाने, घ्यायचा. अक्रोपोलिसच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे. तिथे वर्षाला ४० बैठका होत. काही महत्त्वाच्या बाबींसाठी सहा हजारांची हजेरी लागे. बोलायची इच्छा असेल त्याने पुढे यावं, असा पुकारा झाला की कुणीही नागरिक उठू शके. युद्ध, तह, धान्याची आयात, जहाजबांधणी, सगळं तिथे हात वर करून ठरे. पाचव्या शतकाच्या अखेरीस सभेला येणाऱ्याला भत्ता सुरू झाला. सुरुवातीला तो एक ओबोल होता, थोड्याच काळात तीन ओबोल झाला. सहा ओबोलांचा एक ड्राक्मा आणि कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्राक्मा, हे लक्षात घेतलं की हा भत्ता कुणासाठी होता ते कळतं. काम बुडवून आलेल्या गरिबाची चूल त्या दिवशी पेटली पाहिजे, याचा विचार राज्याने केला होता.

सोडतीचं सर्वांत देखणं रूप मात्र न्यायालयात पाहायला मिळतं. त्याची इतकी तपशीलवार माहिती आपल्याला आहे याचं श्रेय इजिप्तमधल्या एका जुन्या हिशेबवहीला द्यावं लागेल. ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या शिष्यांच्या नावावर असलेला ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका जमिनीचे हिशेब पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहिले गेले आणि पुढे कुणीतरी त्याच गुंडाळ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर हा ग्रंथ उतरवून घेतला. त्या गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियमकडे आल्या आणि १८९१ मध्ये तो मजकूर छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत न्यायालयातली सकाळ पायरी पायरीने वर्णन केली आहे.

दरवर्षी सहा हजार नागरिक पंच म्हणून नोंदवले जात. प्रत्येकाजवळ स्वतःचं नाव आणि वस्ती कोरलेली एक पट्टी असे, शिवाय तिच्यावर पहिल्या दहा अक्षरांपैकी एक अक्षर. कामाच्या दिवशी पहाटे पंच आपापल्या गणाच्या दारापाशी जमत आणि पट्टी पेटीत टाकत. तिथे क्लेरोटेरियन नावाचं यंत्र उभं असे. माणसाच्या उंचीचा दगड, त्यावर ओळीने खाचा आणि बाजूला एक नळी. अक्षरांप्रमाणे पट्ट्या खाचांत उभ्या रांगांनी बसवल्या जात. मग नळीत काळे आणि पांढरे ठोकळे ओतायचे आणि खालून एकेक बाहेर काढायचा. पांढरा आला की सगळी आडवी ओळ कामावर. काळा आला की सगळी ओळ घरी. निवड झालेला पंच दुसऱ्या भांड्यातून अक्षर कोरलेली एक गोळी उचले. आज कुठल्या न्यायालयात बसायचं ते त्या अक्षरावरून ठरे. मग त्याला एक रंगीत काठी मिळे आणि तिचा रंग त्या न्यायालयाच्या दारावरच्या पट्टीशी जुळावा लागे. चुकून किंवा मुद्दाम दुसऱ्या दारातून शिरायची सोय नाही. कुठल्या खटल्यापुढे कोण बसणार हे त्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नाही, मग लाच द्यायची कुणाला? आणि एकेका खटल्यापुढे २०१, ४०१, ५०१ असे पंच बसत. एवढ्यांना एका सकाळी विकत घेणं धनाढ्यालाही जमलं नसतं.

आत न्यायाधीश नाही, वकील नाही. फिर्यादी आणि आरोपी दोघांनी स्वतः बोलायचं; फार तर भाषण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. त्या काळचा नावाजलेला भाषणलेखक लायसियस हा परक्या कुटुंबातला होता. इतरांसाठी इतकी उत्तम भाषणं लिहिणाऱ्या या माणसाला पंच म्हणून बसण्याचा अधिकार मात्र नव्हता. बोलण्याची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जाई. अगोराच्या उत्खननात अशा घड्याळाचं मातीचं भांडं सापडलं आहे; त्यात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं आणि ते सहा मिनिटांत गळून जातं. भाषणं संपली की प्रत्येक पंचाला ब्राँझच्या दोन चकत्या मिळत. एकीच्या मधली नळी पोकळ, दुसरीची भरीव. अंगठा आणि बोट नळीच्या दोन्ही टोकांवर ठेवून चकती भांड्यात टाकली की शेजारच्यालाही कौल कळत नसे. समान मतं पडली तर आरोपी सुटे. सार्वजनिक फिर्याद करणाऱ्याला एकपंचमांश मतंही मिळाली नाहीत, तर त्यालाच हजार ड्राक्मा दंड भरावा लागे.

चिठ्ठीने कुणीही निघेल, मग नालायक माणूस निघाला तर? अथेन्सवासीयांनाही हा प्रश्न पडला होता आणि त्याचं त्यांचं उत्तर होतं तपासणी. पदावर बसण्याआधी चौकशी होई: तुझे आईवडील कोण, वस्ती कुठली, घराण्याच्या समाध्या कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरलास का, लढाईला गेलास का. ज्ञानाची परीक्षा नाही, वर्तनाची. पदावर असताना वर्षातून दहा वेळा सभा विचारी की अधिकारी नीट काम करताहेत ना. मुदत संपली की हिशेब. तो चुकता होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे की मृत्युपत्र करता येत नसे. बुले सोडून असे सुमारे सातशे अधिकारी होते. बाजारातली वजनं तपासणारे, धान्याच्या भावावर लक्ष ठेवणारे, रस्त्यांची साफसफाई पाहणारे. बहुतेक सगळे चिठ्ठीने आलेले आणि दहा-दहाच्या मंडळात बांधलेले.

सगळीच पदं चिठ्ठीवर सोडण्याइतके ते भाबडे नव्हते. दहा सेनापती मतांनीच निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत. पुढे लष्करी निधीचा खजिनदार आणि पाणीपुरवठ्याचा अधिकारी हेही निवडणुकीने येऊ लागले. जिथे कसब नसलं तर शहर बुडेल किंवा तहानेने मरेल, तिथे निवडणूक. पेरिक्लिस सेनापती म्हणून सलग पंधरा वर्षं निवडून आला आणि त्या पदाच्या बळावर शहर त्याच्या मागे चाललं. तरीही ४३० मध्ये, स्पार्टाशी चाललेल्या युद्धाने आणि साथीच्या रोगाने हैराण झालेल्या लोकांनी त्याला पदावरून काढलं आणि दंड ठोठावला. मग पुन्हा निवडलंही. पण ४२९ मध्ये तो वारला.

फार मोठा झालेला नेता आवरायला आणखी एक हत्यार होतं. वर्षातून एकदा सभा ठरवी की यंदा कुणाला हद्दपार करायचं का. हो म्हटलं तर ठरल्या दिवशी लोक खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या माणसाचं नाव कोरून आणत. एकूण सहा हजार खापऱ्या भरल्या तर सर्वाधिक वेळा नाव आलेल्याने दहा वर्षांसाठी देश सोडायचा. गुन्हा नाही, खटला नाही, मालमत्ता जप्त नाही. अशा दहा हजारांहून अधिक खापऱ्या आज हाती आल्या आहेत. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचं नाव असलेल्या १९० खापऱ्या एकत्र मिळाल्या आणि त्यांवरची अक्षरं अवघ्या चौदा हातांची आहेत. विरोधकांनी बसून गठ्ठाच तयार केला होता, असं दिसतं. हाच थेमिस्टोक्लिस लॉरियनच्या खाणीत सापडलेल्या चांदीचा पैसा वाटून न टाकता त्यातून आरमार उभारा, असं लोकांना पटवणारा. त्याच आरमाराने ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत पर्शियाला हरवलं. दहाएक वर्षांनी तो हद्दपार झाला.

त्या आरमाराचा राज्यकारभारावर झालेला परिणाम खोल होता. एका ट्रायरीम जहाजाला १७० वल्हेकरी लागत. चिलखत परवडणारा शेतकरी पायदळात लढे. वल्हं मारायला लागत ते फक्त हात आणि दम. शहराचं रक्षण आता भूमिहीन माणसाच्या खांद्यावर आलं आणि मग त्याला सभेत गप्प बसवणं अवघड झालं. जहाजाचा वर्षभराचा खर्च, नाटकांच्या गायकवृंदाचा खर्च श्रीमंतांनी पाळीपाळीने करायचा असे. माझ्यापेक्षा अमुक जास्त श्रीमंत आहे असं कुणाचं म्हणणं असेल, तर त्याने सरळ आव्हान द्यायचं: एक तर हा खर्च तू उचल, नाही तर आपण दोघं सगळी मालमत्ता अदलाबदल करू. मालमत्ता लपवणाऱ्याला पेचात पकडणारा असा नियम मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता या समतेच्या बाहेर कोण होतं ते पाहायलाच हवं, कारण तिचा पाया त्यांच्याच कष्टांवर होता. स्त्रियांना सभेत, बुलेत, न्यायालयात जागा नव्हती. नागरिकाची मुलगी असणं कामाला येई ते मुलगा नागरिक ठरण्यापुरतं. ४५१ मध्ये पेरिक्लिसनेच तसा कायदा करून घेतला होता: आई आणि वडील दोघंही नागरिक कुळातले हवेत. पुढे साथीत त्याचे दोन्ही औरस मुलगे गेले, तेव्हा मिलेटस शहरातून आलेल्या ॲस्पेशियापासून झालेल्या मुलासाठी त्याला लोकांकडे अपवाद मागावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहून कर भरणारे, युद्धात लढणारे परके रहिवासी कायम परकेच राहिले. आणि गुलाम. ज्या चांदीतून आरमार उभं राहिलं, ती लॉरियनच्या अरुंद बोगद्यांतून त्यांनी उपसली होती. निसियस या सेनापतीने आपले हजार गुलाम दिवसाला माणशी एक ओबोल दराने खाणीला भाड्याने दिले होते, असं झेनोफॉन लिहितो. स्पार्टाने ४१३ मध्ये अ‍ॅटिकातच डेकेलिया इथे तळ ठोकला, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेल्याची नोंद थ्युसिडिडिसने केली आहे. या व्यवस्थेबद्दल त्यांचं मत काय होतं ते त्या आकड्यात आहे.

दोस्त शहरांशी अथेन्स कसं वागलं, हेही विसरता येत नाही. पर्शियाविरुद्ध ४७८ मध्ये जमलेल्या संघाचं अथेन्सने साम्राज्य केलं आणि ४५४ मध्ये त्याचा खजिनाही स्वतःकडे आणला. ४२७ मध्ये मिटिलीनी शहराचं बंड मोडलं, तेव्हा सभेने रागाच्या भरात तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचा ठराव केला आणि जहाज रवानाही केलं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन फिरलं. पुन्हा सभा भरली, क्लिऑनने ठराव बदलू नका म्हटलं, डायोडोटसने विरोध केला आणि थोड्या मतांनी तो जिंकला. दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, झोपही पाळीपाळीने घेतली आणि ते शिक्षेच्या अंमलाआधी पोचले. तरी बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं मारली गेलीच. ४१६ मध्ये मेलॉस बेटाच्या वाट्याला तर दुसरं जहाज आलंच नाही. पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली.

स्वतःच्या माणसांवरही सभा अशी उलटली होती. ४०६ मध्ये अर्गिनुसायची सागरी लढाई जिंकलेल्या सेनापतींवर, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही असा आरोप आला. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवायचा हा नियम मोडून सगळ्यांचा एकत्र निकाल लावण्यात आला आणि परतलेल्या सहाही जणांना मृत्युदंड झाला. त्यांत पेरिक्लिस आणि ॲस्पेशियाचा तो मुलगाही होता. त्या दिवशी पाळीवर असलेल्या पन्नासांत सॉक्रेटिस होता. या बेकायदा मतदानाला त्याने संमती दिली नाही. गर्दीने ऐकलं नाही. सात वर्षांनी त्याचा स्वतःचा खटला चिठ्ठीने बसलेल्या अशाच पंचांपुढे उभा राहिला आणि त्याला विष प्यावं लागलं. लोकशाहीचे टीकाकार तेव्हापासून आजपर्यंत हे दोन प्रसंग दाखवत आले आहेत आणि ते त्यांनी दाखवावेतच. त्याचबरोबर ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरल्यावर स्पार्टाच्या जोरावर बसलेल्या तीस ‘शहाण्या’ घरंदाजांनी काही महिन्यांत पंधराशे माणसं मारली, हेही दाखवावं. सॉक्रेटिसच्या वर्तुळातला, प्लेटोचा नातलग क्रिटियास त्यांचा म्होरक्या होता.

४०३ मध्ये लोकशाहीवाले लढून परत आले, तेव्हा त्यांनी जे केलं ते मला सालामिसच्या विजयापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी सूड घेतला नाही. तीस जण आणि त्यांचे काही हस्तक वगळून बाकी कुणाचीही मागची कृत्यं उकरून काढायची नाहीत, अशी शपथ सगळ्या शहराने घेतली आणि मोठ्या प्रमाणात पाळली. कायदे नव्याने तपासून दगडावर कोरले गेले. सभेच्या ठरावापेक्षा कायदा वरचढ, हे तत्त्व ठरलं. नवा कायदा करायचा तर तो आता सभेत हात वर करून होईना. शपथ घेतलेल्या पंचांतून नेमलेल्या मंडळापुढे जुन्या-नव्या कायद्याची बाजू मांडावी लागे. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरायची सोय आधीपासून होती, ती आता नेहमी वापरात आली. आपण कुठे चुकलो हे ओळखून या लोकांनी स्वतःच्याच हाताला लगाम घातला आणि पुढची ऐंशी वर्षं त्यांचं राज्य पाचव्या शतकापेक्षा कितीतरी शांतपणे चाललं.

त्याचा शेवट आतून झाला नाही. इ.स.पूर्व ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने अथेन्सला हरवलं. मॅसिडोनियाविरुद्ध बोलत आलेला वक्ता डेमोस्थेनिस याने कॅलॉरिया बेटावरच्या देवळात विष घेतलं. अँटिपेटरने सभा बंद केली नाही, बुलेही ठेवली. पण नागरिकत्वाला त्याने एक अट घातली: ज्याची मालमत्ता दोन हजार ड्राक्मांची आहे तोच नागरिक. बारा हजारांहून अधिक गरिबांचा हक्क गेला असं प्लूटार्क सांगतो आणि त्यांतले काही जण घरदार सोडून थ्रेसमध्ये मिळालेल्या जमिनीवर राहायला गेले.